मासा दोनदा, कासव एकदाही नाही : पोर्टफोलिओच्या रिटचिंगचे एक प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातील एका छायाचित्रकार महिलेचे आहे. त्यांच्या संमतीने ते येथे मांडले असून त्यांचे, त्यांच्या गिऱ्हाइकांचे आणि यात आलेल्या रिटचिंग (काढून झालेल्या छायाचित्रातले दोष सुधारण्याचे काम) करणाऱ्यांचे नाव मुद्दाम घेतलेले नाही. मी छायाचित्रांच्या छपाईचे काम करतो. या पोर्टफोलिओचे चाचणी प्रिंट माझ्या यंत्रावर निघाले आणि गडबड प्रथम तेथे दिसली, म्हणून ती निस्तरण्याच्या कामात मीही ओढला गेलो.

मागणी आणि वेळेचा हिशेब

छायाचित्रकार गेली १४ वर्षे कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजी परिसरातील लग्नांचे काम करतात. लग्नसराई नसते त्या महिन्यांत त्यांनी स्वखर्चाने वेगळेच एक काम चालवले होते: गुजरीतील सोनारांकडचे जुन्या घडणीचे दागिने, ते दागिने रोज अंगावर वागवणाऱ्या वयस्क स्त्रिया आणि येवल्याच्या मागावरची पैठणी. लग्नाच्या अल्बमवर पोट भरत असले तरी पुढे दागिने आणि हातमागाच्या जाहिरातींकडे वळायचे, हा त्यामागचा विचार होता. माघातल्या ऐन मुहूर्तांच्या दिवसांत मुंबईतील एका दागिने कंपनीच्या जाहिरात विभागाने त्यांच्याकडे पोर्टफोलिओ मागितला. ए-थ्री आकाराचा छापील संच आणि त्याची पीडीएफ द्यायची होती आणि मुदत १८ दिवसांची होती.

त्यांनी ३६ चित्रे निवडली. चेहरा आणि दागिना दोन्ही असलेल्या एका चित्रावर मन लावून काम केले तर सुमारे तीन तास जातात, आणि ते केवळ त्वचेमुळे नव्हे. पॉलिश केलेले सोने हा एक प्रकारचा आरसाच असतो. त्यात दिव्यावरच्या छत्रीचा पांढरा गोल, कॅमेऱ्याचा काळा ठिपका आणि कधी कधी छायाचित्रकाराचा दुपट्टाही दिसतो, आणि मण्यामण्यावरून ते प्रतिबिंब हलक्या हाताने उतरवावे लागते. म्हणजे ३६ चित्रांना १०८ तास लागणार होते. अठरापैकी सहा दिवस आधीच ठरलेल्या लग्नांचे होते, छपाईला आणि पेटी बांधायला तीन दिवस हवे होते, उरलेल्या नऊ दिवसांत रोज आठ तास बसले तरी ७२ तासांच्या पुढे मजल जात नव्हती. काम बाहेर देण्याचा निर्णय आळसातून घेतलेला नव्हता, हे सुरुवातीलाच नोंदवलेले बरे.

काम बाहेर देण्यात कमीपणा आहे, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे आणि ती इतिहासाला धरून नाही. निगेटिव्हच्या काळात मोठ्या स्टुडिओंत रिटचिंग करणारा माणूस वेगळा असे. टोकदार शिसपेन्सिलीने निगेटिव्हवरच्या सुरकुत्या भरणे आणि बारीक कुंचल्याने प्रिंटवरचे पांढरे ठिपके बुजवणे, हा स्वतंत्र हुन्नर होता. आँरी कार्तिए-ब्रेसाँसारखा छायाचित्रकार आपले प्रिंट पॅरिसच्या पिक्तो या प्रयोगशाळेत करवून घेत असे आणि त्याच्या छायाचित्रकार असण्याबद्दल कोणी शंका घेतली नाही. हात दुसऱ्याचा असायला हरकत नसते. काय ठेवायचे आणि काय काढायचे, हा निर्णय कोणाचा, यावर सगळे अवलंबून असते. या प्रकरणात हात बाहेर देताना निर्णयही नकळत बाहेर गेला.

तीन पर्याय

पहिला पर्याय त्यांच्याच स्टुडिओतला मदतनीस. तो लग्नाचे अल्बम लावण्यात तरबेज असला तरी त्वचेवर त्याचा हात जड होता. दुसरा, पुण्यातील एक स्वतंत्र काम करणारा रिटचर. दर चित्रामागे १,२०० रुपये, आणि दहा दिवसांत वीसच्या वर चित्रे घेणार नाही, असे त्याने आधीच सांगितले होते. तिसरा, परराज्यातील एक मोठा स्टुडिओ, जिथे रोज शेकडो चित्रे येतात आणि जातात. दर ३५० रुपये, तीन दिवसांत माल परत. ३६ चित्रांचे १२,६०० रुपये. त्यांनी तिसरा पर्याय घेतला आणि त्या परिस्थितीत मीही बहुधा तोच घेतला असता.

स्टुडिओने एक चित्र फुकट करून दाखवण्याची तयारी दाखवली होती. त्यांनी पाठवले ते एका तरुण मॉडेलचे, सपाट पार्श्वभूमीवरचे, मऊ उजेडातले चित्र, आणि ते अप्रतिम होऊन आले. नमुन्यासाठी आपण सहसा आपले सगळ्यांत देखणे चित्र पाठवतो आणि नेमके तिथेच फसतो, कारण सोप्या चित्रावर सगळेच चांगले काम करतात. पाठवायला हवे होते ते कठीण चित्र: उन्हातल्या म्हातारीचा चेहरा, गळ्यात साज, अंगावर पैठणी.

पुढची चूक आकाराने लहान आणि परिणामाने मोठी होती. २४ मेगापिक्सेलच्या चित्राची १६ बिटची, म्हणजे अधिक बारीक छटा राखणारी, न दाबलेली टिफ फाइल सुमारे १४४ एमबीची होते आणि अशा ३६ फाइलींचे पाच जीबीहून अधिक वजन होते. रात्री लग्नावरून परतल्यावर एवढे अपलोड करत बसण्याऐवजी त्यांनी मूळ रॉ फाइली पाठवल्या, ज्यांचे एकत्रित वजन जेमतेम एक जीबी होते. पण रॉ फाइल ही अजून न धुतलेल्या निगेटिव्हसारखी असते. तिच्यातला पांढरा कोणता, सावली किती गडद, सोने किती पिवळे, हे सगळे अद्याप ठरायचे असते. ती फाइल दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे रिटचिंगआधीचे सगळे निर्णयही त्याला देऊन टाकणे. सोबतचा निरोप असा होता: ‘स्किन क्लीन करा, ज्वेलरी शार्प करा, कलर थोडे पंची, पण नॅचरल ठेवा.’ या वाक्यातल्या ‘पण’नंतरच्या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येक माणूस आपापल्या सवयीप्रमाणे लावतो.

परत आलेली चित्रे

सहाव्या दिवशी चित्रे परत आली. त्यांनी ती प्रथम एका लग्नाच्या मांडवात, दोन विधींच्या मधल्या वेळात, मोबाइलवर पाहिली आणि खूश होऊन मला पुढे पाठवली. मीही मोबाइलवरच पाहिली आणि ‘झकास’ असे उत्तर दिले. ते उत्तर माझ्या फोनमध्ये अजून आहे. मोबाइलच्या पडद्यावर चित्राची रुंदी हजारभर पिक्सेलांत आटते. ए-थ्रीच्या प्रिंटला ३०० पीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलांच्या, हिशेबाने लांबीत ४,९६१ पिक्सेल लागतात. म्हणजे मोबाइलवर आम्ही चित्राचा सारांश पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सुती कागदावर पाच चाचणी प्रिंट काढले. पहिल्याच प्रिंटमध्ये गालाला रंध्रे नव्हती. त्वचेचा पोत एका लेयरवर (चित्राच्या वेगळ्या थरावर) आणि तिचे रंग-छटा दुसऱ्या लेयरवर वेगळे काढून काम करण्याची एक पद्धत आहे, तिला फ्रिक्वेन्सी सेपरेशन म्हणतात. जपून वापरली तर ती उपयोगी आहे, पण ती एका आधी नोंदवून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या अ‍ॅक्शनने सगळ्या चित्रांवर सारखीच चालवली, तर जवळून घेतलेल्या चेहऱ्याचे मेण होते. येथे तेच झाले होते. फाइली परत आल्या त्याही आठ बिटच्या, कमी रंग मावणाऱ्या एसआरजीबी रंगसीमेतल्या, दाबलेल्या जेपेग म्हणून, एकही लेयर न ठेवता. त्यामुळे केलेले काम थोडे मागे घेण्याची सोयच नव्हती; होते ते असे घ्या किंवा टाकून द्या.

त्वचा सगळ्यांची उजळली होती. सावळ्या कपाळांवरचा मूळ उजेड आणि परत आलेला उजेड शेजारी ठेवून मोजला, तर एकही चेहरा मूळ छटेवर राहिलेला नव्हता. कोणी तसे सांगितले नव्हते, आणि तसे करू नका असेही कोणी सांगितले नव्हते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातींसाठी नियम केले, त्यात रंगावरून भेद सुचवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. पण रिटचिंगच्या टेबलावरची सवय त्या नियमांहून जुनी आहे. आणि ती सवय लावली कोणी, हा प्रश्न विचारला तर उत्तर आमच्यापर्यंतच येते. लग्नाच्या अल्बमबरोबर ‘चेहरे जरा उजळ करा’ असा निरोप वर्षानुवर्षे आम्हीच पाठवत आलो आहोत. स्टुडिओने आमच्या आधीच्या हजार मागण्यांवरून आमची पुढची मागणी ओळखली.

पैठणीची गत आणखी वाईट होती. एका पदरावर उभे धागे लाल आणि आडवे जांभळे होते. अशा वस्त्रात घडी हलली की रंग बदलतो, आणि त्या धूपछाँव रंगासाठीच ते चित्र घेतले होते. रिटचरला तो रंगदोष वाटला. एकाच साडीवर दोन रंग दिसतात म्हणजे दोन दिव्यांचे तापमान जुळलेले नाही, असा त्याने तर्क केला असणार, आणि तर्क म्हणून तो वेडगळ नाही. त्याने पदर एकसारखा वांगी रंगाचा करून दिला. सोन्याचेही तसेच. आपल्याकडच्या जुन्या दागिन्यांच्या सोन्यात तांबूस झाक असते. परत आले ते कॅटलॉगमधले लिंबू-पिवळे सोने.

पाच चित्रांत गोंदण गेले होते. हनुवटीवरचे तीन ठिपके, कपाळावरची रेघ, आणि एका हातावरचे तुळशीवृंदावन तर अख्खे पुसून तिथे कोवळी, गुळगुळीत त्वचा भरली होती. ज्या आजींचा तो हात, त्यांनी ते गोंदण लग्नाआधी जत्रेत काढून घेतले होते आणि ‘मेल्यावर एवढंच संगं येतंय’ असे फोटो काढताना सांगितले होते. छायाचित्रकारांनी तो हात मुद्दाम उजेडाकडे वळवून चित्र घेतले होते. चित्राचा विषयच डाग समजून काढून टाकला गेला होता.

तरीही सगळ्यांत बारीक चूक आमच्यापैकी कोणालाच दिसली नाही. कोल्हापुरी साज या गळ्यातल्या दागिन्यात जवमण्यांच्या मध्ये पानड्या, म्हणजे सोन्याची छोटी पदके, ओवलेली असतात. परंपरेने एकवीस पानड्यांचा साज सांगतात, हल्ली दहा-बारा पानड्यांचाही करतात. चंद्र, कमळ, मासा, बेलपान, शंख, नाग, कासव, भुंगा अशी त्यांची रूपे असतात. आम्ही काढलेला साजाचा प्रिंट छायाचित्रकार ज्यांच्याकडून दागिना आणला होता त्या सोनारांना दाखवायला गुजरीत घेऊन गेल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला, प्रिंट उजेडाला धरला आणि म्हणाले, ‘ताई, ह्यात मासा दोनदा आलाय. कासव कुठं गेलं?’ कासवाच्या पानडीला एक पोचा होता. रिटचरने ती पानडी दुरुस्त करत बसण्यापेक्षा शेजारची मासा असलेली पानडी क्लोन करून, म्हणजे तिची नक्कल उचलून, तिच्यावर बसवली होती. पडद्यावर काम इतके सफाईदार होते की जोड कोठे आहे ते सांगता येत नव्हते. दागिने विकणाऱ्या कंपनीपुढे हे चित्र गेले असते तर काय झाले असते, याचा विचार करून त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

दोष कोणाचा

स्टुडिओशी फोनवर बोलणे झाले तेव्हा कळले की तेथे एक चित्र एका माणसाकडे राहतच नाही. एक जण कटआउट करतो, दुसरा त्वचा, तिसरा धातू, चौथा रंग, आणि शेवटी तपासणारा फक्त उरलेले डाग शोधतो. दरात आणि वेळेत ते बसवायचे तर दुसरा मार्ग नाही. अशा साखळीत प्रत्येकाला आपल्या तुकड्यातला ‘दोष’ दिसतो. ते चित्र कशासाठी घेतले आहे, हे पाहण्याचे काम कोणाचेच नसते. एकसारख्या दोनशे शर्टांसाठी ही पद्धत उत्तम आहे, आणि त्या प्रकारच्या कामाला मी आजही याच स्टुडिओची शिफारस करीन.

त्यांनी सर्व चित्रे विनामूल्य पुन्हा करून देण्याची तयारी दाखवली. छायाचित्रकारांनी ती नाकारली आणि १२,६०० रुपये पूर्ण दिले. पैसे कापावेत, असे मदतनिसाचे मत होते. मला मात्र त्यांचा निर्णय योग्य वाटला, कारण मागितलेले सगळे स्टुडिओने दिले होते, फक्त मागणीतच मुख्य गोष्टी लिहिलेल्या नव्हत्या.

एका बाबतीत मात्र स्टुडिओ चुकला होता. आजींच्या चेहऱ्याचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे जोडचित्र त्यांनी आपल्या कामाचा नमुना म्हणून समाजमाध्यमावर टाकले. आजींनी संमती दिली होती ती छायाचित्रकारांना, त्वचा पुसण्याच्या जाहिरातीला नव्हे. कळवल्यावर दोन दिवसांत ते काढले गेले. पण असे करू नये, ही अट लेखी कोठेही नव्हती.

त्या निमित्ताने हक्कांची कागदपत्रे काढली आणि दुसरीच एक गोष्ट पुढे आली, जी लग्नाचे काम करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारी व्यक्ती. पण कलम १७ मधील तरतुदीप्रमाणे मोबदला घेऊन, कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. ३६ पैकी सहा चित्रे लग्नांतली होती. त्यांच्या बुकिंगच्या अर्जात ‘छायाचित्रे पोर्टफोलिओत वापरता येतील’ ही ओळ अलीकडच्या दोन वर्षांपासूनच होती, आणि तीन चित्रे त्याआधीची होती. तिन्ही घरी फोन केले. दोघांनी आनंदाने होकार दिला, तिसऱ्या घरी सुनेच्या माहेरचे दागिने लोकांसमोर नकोत म्हणून नकार आला, आणि ते चित्र बाजूला गेले. रिटचरकडून काम घेताना त्याच्याशीही हक्कांचा लेखी करार करणे शहाणपणाचे आहे. त्यात मुदत आणि प्रदेश लिहायला हवेत, कारण हस्तांतराच्या करारात ते लिहिले नाहीत तर कलम १९ प्रमाणे मुदत पाच वर्षांची आणि प्रदेश भारतापुरताच धरला जातो.

दुसरी फेरी

आठवा दिवस उजाडला होता. छत्तीसचा हट्ट सोडायचा, हे प्रथम ठरले. कंपनीने किमान आकडा दिलेलाच नव्हता. छत्तीस हा आकडा त्यांच्या मनातला होता. साजाची चार चित्रे असतील तर दोन पुरे, एकाच आजी तीनदा दिसत असतील तर एकदाच दिसू देत, असे करत २४ उरली. त्यांतल्या नऊ चित्रांना रिटचिंगची गरजच नव्हती. धूळ काढली, रंग जागेवर आणले की काम संपत होते, आणि ते छायाचित्रकारांनी स्वतः केले. चार चित्रे दागिन्यांच्या अगदी जवळची, वेगवेगळ्या फोकसच्या अनेक फ्रेम जोडून तयार होणारी होती. तीही त्यांनी स्वतःकडे ठेवली, कारण कोणती फ्रेम कोठे घ्यायची हे घेणाऱ्यालाच ठाऊक असते. उरलेली ११ पुण्याच्या रिटचरकडे गेली. त्याचे १३,२०० रुपये झाले, म्हणजे ३६ चित्रांच्या पहिल्या बिलापेक्षा अधिक.

या वेळी रॉ फाइल गेली नाही. पांढरा तोल, उजेड आणि सोन्याचा रंग त्यांनी स्वतः ठरवला, तोही चित्रीकरणाच्या वेळी घेतलेल्या चोवीस चौकोनांच्या रंगफलकाच्या फ्रेमवरून, आणि १६ बिटच्या अ‍ॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगसीमेतल्या टिफ पाठवल्या. परत येणारी फाइलही तशीच, लेयर न मिटवता यावी, असे ठरले. रिटचरचा पडदा कॅलिब्रेट केलेला (मोजणी करून रंग जुळवलेला) आहे का, त्याचा उजेड चौरस मीटरला १२० कॅन्डेलाच्या आसपास आहे का, हेही विचारले. त्याने न रागावता मोजणीचा फोटो पाठवला, यावरून मला त्या माणसाबद्दल पुष्कळ काही कळले.

खरा फरक पडला तो कागदामुळे. अकरा चित्रांचे ए-फोर प्रिंट काढून छायाचित्रकारांनी त्यांवर तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा केल्या: तांबड्या रेघेतले हात लावायचे नाही, निळ्यातले साफ करायचे, हिरव्यातल्याबद्दल आधी विचारायचे. ही कल्पना नवी नाही. मॅग्नम या छायाचित्रसंस्थेचे न्यूयॉर्कमधील डार्करूम-प्रिंटर पाब्लो इनिरियो यांनी खुणा केलेले प्रिंट प्रसिद्ध आहेत. डेनिस स्टॉक यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये घेतलेल्या अभिनेता जेम्स डीनच्या चित्रावर कोणत्या भागाला किती सेकंद उजेड द्यायचा, याची वर्तुळे आणि आकडे त्यांनी काढून ठेवले आहेत. तो प्रिंटरने स्वतःसाठी केलेला नकाशा होता, येथे तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा होता, एवढाच फरक.

खुणा करताना एका जुन्या नियमाचा आधार घेतला: दोन आठवड्यांत आपोआप बरे होईल ते काढावे, कायम राहील ते राहू द्यावे. मुरूम जातो, तीळ राहतो. नियम चांगला असला तरी पुरेसा नाही, हे दुसऱ्याच चित्रावर कळले. हळद दळणाऱ्या एका बाईंच्या नखांत पिवळेपणा होता. तो चार धुण्यांत जाईल, तरी तो काढला तर त्या चित्रातली बाईच उरत नाही. उलट वर्षानुवर्षांच्या जड कुड्यांनी ओघळलेली कानाची पाळी कायमची आहे, पण त्या बाईंनी स्वतःच ‘तेवढं झाका’ असे सांगितले होते. पहिल्याला तांबडी रेघ गेली, दुसऱ्याला हिरवी. कान शेवटी रिटचरने आकार न बदलता, फक्त सावली थोडी गडद करून सोडवला, आणि तो प्रिंट बाईंना दाखवल्यावर त्यांनी मान डोलावली.

आधी दोनच चित्रे पाठवली, तीही सगळ्यांत अवघड, आणि त्यांचे पैसे वेगळे देऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी रिटचरचा निरोप आला: एका चित्रात कपाळावर पेन्सिलीची तांबडी रेघ आहे, पण भुवईजवळ एक फिकट ठिपका रेघेच्या बाहेर राहिला आहे, तो गोंदणातला की तीळ? तो गोंदणातलाच होता. छायाचित्रकारांच्या स्वतःच्या नजरेतूनही तो सुटला होता.

काम संथ झाले. त्वचेवर डॉज आणि बर्नने, म्हणजे बारीक जागा किंचित उजळ किंवा गडद करत जाण्याच्या पद्धतीने हात फिरवला गेला, आणि एका चेहऱ्याला दोन-अडीच तास लागले. मेण करणारी अ‍ॅक्शन दहा मिनिटांत संपते. दरांतला फरक येथे दिसतो. कासव परत आले, पोच्यासकट. पोचा घालवायचा का, यावर आमचा थोडा वाद झाला. जाहिरातीत तो घालवावा लागेल, असे मी म्हणत होतो. हा दागिना विकायचा नसून एका घरातला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पोचा राहिला. सोन्याच्या रंगाचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही. मॅट सुती कागदाला धातूची चमक पेलत नाही, आणि तांबूस झाक सांभाळली की सोने थोडे मलूल दिसते. कागदानुसार रंग जुळवणारी तीन प्रोफाइल बदलून पाहिल्यावर जे मिळाले त्यावर आम्ही थांबलो. पीडीएफमधले सोने प्रिंटमधल्यापेक्षा अधिक जिवंत दिसते, हे मान्य करावेच लागेल.

नाव कोणाचे लिहायचे

शेवटच्या पानावर रिटचरचा उल्लेख करावा की नाही, यावर सोळाव्या दिवशी चर्चा झाली. दुसऱ्याने हात लावला हे कळले तर काम मिळणार नाही, अशी छायाचित्रकारांना धास्ती होती. मी त्यांना प्रसिद्ध अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांचे प्रकरण आठवून दिले. २०१६ मध्ये इटलीतील तुरीनजवळच्या एका प्रदर्शनात त्यांच्या क्यूबातील एका रस्त्याच्या चित्रात खांबाचा तुकडा भलत्याच जागी राहिलेला एका प्रेक्षकाच्या लक्षात आला. ते काम स्टुडिओत झाले होते आणि प्रिंट आपण प्रवासात असताना पाठवला गेला, असे मॅकरी यांनी सांगितले. जबाबदारी मात्र आपली म्हणून स्वीकारली आणि स्टुडिओतली पद्धत बदलल्याचेही कळवले. त्यानंतर लोकांनी त्यांची जुनी चित्रे ताडून पाहिली आणि आणखीही काही चित्रांतून माणसे व वस्तू काढल्याचे समोर आले. वृत्तछायाचित्रणाचे आणि दागिन्यांच्या जाहिरातीचे नियम एक नाहीत, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. पण हात कोणाचाही असला तरी चुकीचा जाब ज्याचे नाव खाली आहे त्यालाच द्यावा लागतो, एवढे त्यातून दिसते. शेवटी पानावर ओळ आली: ‘अकरा चित्रांतील त्वचा व धातूचे रिटचिंग सहयोगी रिटचरकडून; रंग आणि अंतिम निवड छायाचित्रकाराची.’

मुंबईच्या बैठकीत त्या ओळीवरूनच पहिला प्रश्न आला, पण तो त्यांना वाटला होता तसा नव्हता. दोनशे दागिन्यांचे कॅटलॉग या दर्जाने करायचे तर किती दिवस लागतील, असे विचारले गेले. मॉडेल नसलेल्या दागिन्याला दीड तास धरून तीनशे तास, दोन रिटचर रोज आठ तास बसले तर एकोणीस दिवस, हे उत्तर त्यांच्याजवळ तयार होते, कारण तोच हिशेब त्यांनी गेले अडीच आठवडे अंगावर काढला होता. सगळे आपणच केले असे भासवणारा पोर्टफोलिओ नेला असता, तर हे उत्तर देता आले नसते, किंवा खोटे द्यावे लागले असते. पोर्टफोलिओतला प्रत्येक प्रिंट म्हणजे ‘असे मी तुम्हाला पुन्हा करून देईन’ असा शब्द असतो. आपल्या एरवीच्या वेळेत आणि पैशात पुन्हा न जमणारी सफाई त्यात घालणे अंगाशी येते.

कंपनीने कॅटलॉग दिले नाही. बारा दागिन्यांचे चाचणीचे काम दिले, आणि कामाच्या पत्रात त्यांच्याकडूनच एक अट आली की खडे, मणी आणि पानड्या यांची संख्या व क्रम रिटचिंगमध्ये बदलू नये. बारांत एक साज होता. तो पुण्याला पाठवण्याआधी छायाचित्रकारांनी त्याचा ए-फोर प्रिंट काढला, तांबड्या पेन्सिलीने प्रत्येक पानडीखाली डावीकडून उजवीकडे तिचे नाव लिहिले, आणि मधल्या एका पानडीखाली नावापुढे आणखी दोन शब्द लिहून त्यांखाली रेघ ओढली: ‘कासव. एकच आहे.’